टॉम केटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जमतील तशी उत्तरं

आयर्लंडचा विषय निघाला की मी फिरून फिरून टॉम केटलवर येतो, आणि मग लोक प्रश्न पाठवतात, आणि ते बहुतेक वेळा तेच तेच असतात. दर वेळी वेगळं टाइप करायचा आता कंटाळा आलाय, म्हणून सगळं एकत्र टाकतोय. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एक उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तर तिथे पाठवलंय, परत लिहिलं नाहीये. केटलला मी ‘तो’ म्हणतो, ‘ते’ नाही, कारण ३६ व्या वर्षी गेलेला माणूस आता मला वयाने लहानच वाटतो. कोणाला खटकलं तर सॉरी.

१. हा टॉम केटल नक्की कोण? कधी ऐकलंच नव्हतं हो.

पूर्ण नाव थॉमस मायकेल केटल. जन्म ९ फेब्रुवारी १८८०, डब्लिनच्या उत्तरेकडच्या शेतीच्या भागात. बॅरिस्टर, पत्रकार, कवी, वक्ता म्हणून जबरदस्त, २६ व्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटात आयरिश नॅशनलिस्ट खासदार, पुढे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक, आणि शेवटी ब्रिटिश सैन्यात लेफ्टनंट. ९ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईत मारला गेला. या यादीतली शेवटून दुसरी ओळ नसती तर आज त्याच्या नावाने डब्लिनमध्ये रस्ता, शाळा, स्टेशन सगळं असतं असं माझं मत. ती ओळ आहे म्हणून तुम्ही ऐकलं नव्हतं.

२. केटल म्हणजे चहाची किटली? खरंच हेच आडनाव?

हो, हेच. हसून झालं असेल तर पुढे जाऊ.

३. घरचं वातावरण कसं होतं? राजकारण घरातूनच आलं का?

घरातूनच. वडील अँड्र्यू केटल चांगले मोठे शेतकरी, आणि १८७९ साली डब्लिनमध्ये जी लँड लीग उभी राहिली तिच्या संस्थापकांपैकी एक. लँड लीग म्हणजे कुळांची चळवळ: खंड कमी करा, कुळाला जमिनीवरून हाकलू नका, आणि शेवटी जमीन कसणाऱ्याच्या मालकीची करा. त्या पायी म्हातारबा १८८१ मध्ये तुरुंगातही जाऊन आले. टॉम बारा भावंडांतला सातवा. म्हणजे जेवायच्या पंगतीला पार्नेल (तेव्हाचा मोठा आयरिश नेता) आणि जमिनीचा प्रश्न, आणि वाद घालायला घरचीच टीम.

शिक्षण आधी ख्रिश्चन ब्रदर्सकडे, मग क्लोंगोज वुड नावाच्या जेझुइट पाद्र्यांच्या बोर्डिंगात, मग युनिव्हर्सिटी कॉलेज. तिथल्या डिबेटिंग सोसायटीचा तो १८९८-९९ मध्ये प्रमुख होता. तब्येत मात्र पहिल्यापासून नाजूक, मन खचायचं, अभ्यास मध्येच सोडून हवापालटाला युरोपात जावं लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे प्रश्न १३ ला लागणार आहे.

४. तो ‘यंग आयर्लंड’वाला होता असं वाचलं. पण ते तर १८४८ चं बंड ना?

हा गोंधळ जवळपास दर महिन्याला येतो. १८४० च्या दशकातली यंग आयर्लंड चळवळ वेगळी, ती थॉमस डेव्हिस वगैरे मंडळींची, आणि १८४८ चा फसलेला उठाव त्यांचा. केटलच्या वेळी आयरिश पार्टीची (ही कोण ते प्रश्न ५ मध्ये) गावोगावची संघटना होती युनायटेड आयरिश लीग, तिची तरुण पदवीधरांसाठी १९०४ मध्ये एक शाखा निघाली आणि तिने ते जुनं नाव उचललं. केटल तिचा अध्यक्ष. पार्टीतल्या म्हाताऱ्या नेत्यांना ही पोरं थोडी आगाऊ वाटायची, पण वापरायलाही हवी असायची, कुठल्याही पक्षाची युवा आघाडी असते तशीच गत.

५. होमरूल म्हणजे स्वातंत्र्यच मागत होते ना? मग फरक काय?

नाही, पूर्ण स्वातंत्र्य नाही. १८०१ पासून आयर्लंडचं स्वतःचं पार्लमेंट बंद होतं आणि आयरिश खासदार लंडनला बसायचे. होमरूलवाल्यांची मागणी अशी की डब्लिनमध्ये आमचं पार्लमेंट परत द्या, घरचा कारभार आम्ही बघू, राजा आणि परराष्ट्र-सैन्य वगैरे लंडनकडे राहू दे. ही जॉन रेडमंडची आयरिश पार्टी. आर्थर ग्रिफिथने १९०५ मध्ये शिन फेन काढली, त्यांचं म्हणणं लंडनला जायचंच कशाला, इथेच बसू. आणि पडद्यामागे सशस्त्र क्रांतीवाले होतेच.

केटल पक्का होमरूलवाला. त्याचं एक वाक्य फेमस आहे, की आयर्लंडसाठी माझा कार्यक्रम म्हणजे निम्मं होमरूल आणि निम्मं बायबलमधल्या दहा आज्ञा, आणि सल्ला एकच: खरं आयरिश व्हायचं असेल तर आधी युरोपियन व्हावं लागेल. या दुसऱ्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण त्याने पुढे जे केलं त्याची किल्ली तिथेच आहे (प्रश्न १० बघा).

६. २६ व्या वर्षी खासदार झाला कसा? वशिला होता का?

थोडा वशिला, थोडं नशीब, बाकी जीभ. जुलै १९०६ मध्ये ईस्ट टायरोनची पोटनिवडणूक लागली. हा मतदारसंघ अल्स्टरमधला, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातला, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट जवळजवळ निम्मे निम्मे, त्यामुळे पार्टीला असा उमेदवार हवा होता जो सभा गाजवेल आणि दारोदार फिरेलही. केटल जिंकला तो १८ मतांनी. अठरा! एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबाची मतं म्हणा ना, काठावर पास म्हणजे किती काठावर. तरी जानेवारी १९१० च्या निवडणुकीत त्याने सीट राखली.

निवडून आल्या आल्या पार्टीने त्याला दुसऱ्या एका तरुण खासदाराबरोबर, रिचर्ड हेझलटनबरोबर, अमेरिकेला धाडलं, तिथल्या आयरिश लोकांकडून निधी गोळा करायला.

७. पार्लमेंटात काय दिवे लावले? आणि चार वर्षांत सोडलं का?

दिवे बरेच लावले खरं तर. बोलायला उभा राहिला की बाकं भरायची. दोन विषय त्याचे खास, आयर्लंडच्या पैशाचा हिशोब आणि कॅथलिक मुलांसाठी युनिव्हर्सिटी. १९०८ च्या कायद्याने नॅशनल युनिव्हर्सिटी झाली आणि १९०९ मध्ये केटल तिच्या डब्लिनच्या कॉलेजात ‘नॅशनल इकॉनॉमिक्स’चा पहिला प्राध्यापक झाला. टोमण्यांसाठीही प्रसिद्ध होता. सत्तेवर आले की लिबरल आपली तत्त्वं विसरतात आणि टोरींना आपले मित्र आठवतात, हे त्याचंच म्हणून सांगतात.

सोडण्यामागे काही रहस्य नाही. लंडन-डब्लिन ये-जा, वर्गावर शिकवणं, नवीन संसार, आणि खासदारांना तेव्हा पगारच नव्हता, तो १९११ मध्ये सुरू झाला. डिसेंबर १९१० च्या निवडणुकीला तो उभाच राहिला नाही. सीट गेली नेत्याच्या घरात, म्हणजे रेडमंडचा मुलगा तिथून निवडून आला. घराणेशाही ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

८. लेखक जेम्स जॉइसचा मित्र होता हे खरं का?

खरं, पण दोस्ती मापात. दोघं एकाच कॉलेजात, दोघंही डब्लिनच्या शीही कुटुंबाच्या घरी रविवारच्या बैठकींना जायचे, गाणी, नाटकं, वादविवाद. १८९९ मध्ये येट्सच्या एका नाटकाविरुद्ध विद्यार्थ्यांनी निषेधाचं पत्र काढलं, त्यावर केटलने सही केली, जॉइसने नाही केली, दोघांच्या स्वभावातला फरक इथेच कळतो. पुढे जॉइसच्या पहिल्या कवितासंग्रहाचं केटलने कौतुक केलं, पण डब्लिनवरचा त्याचा कथासंग्रह त्याला अजिबात पटला नव्हता, आयर्लंडची बदनामी होईल असं त्याचं मत. तरी केटल गेल्यावर जॉइसने झुरिकहून त्याच्या बायकोला सांत्वनाचं पत्र लिहिलं. जॉइससारख्या माणसाने आपणहून असं पत्र लिहावं म्हणजे काहीतरी आत होतंच.

९. सासरची मंडळी कोण? ‘शीही’ हे नाव सगळीकडे का येतं?

कारण ती फॅमिलीच तशी. सासरे डेव्हिड शीही स्वतः आयरिश पार्टीचे खासदार. मुली एकापेक्षा एक. केटलचं लग्न मेरीशी झालं, ८ सप्टेंबर १९०९. मोठी बहीण हॅना, तिचा नवरा फ्रान्सिस स्केफिंग्टन, म्हणजे केटलचा साडू आणि कॉलेजपासूनचा मित्र. त्या नवराबायकोने एकमेकांची आडनावं जोडून घेतली होती, १९०३ मध्ये, विचार करा. आणखी एक बहीण कॅथलीन, तिचा मुलगा कॉनर क्रूझ ओब्रायन पुढे आयर्लंडचा मंत्री झाला आणि आयरिश राष्ट्रवादाचा सगळ्यात कडवट टीकाकारही.

हॅना आणि मेरी दोघी बायकांच्या मतदानाच्या चळवळीतल्या. केटल बाजूने होता, पण आयरिश पार्टी म्हणायची आधी होमरूल मिळू दे, मग बघू. हॅना हे ‘मग बघू’ ऐकून घेणारी नव्हती, तिने १९१२ मध्ये सरकारी इमारतीच्या काचा फोडल्या आणि तुरुंगात गेली. एका जेवणाच्या टेबलावर होमरूलवाला खासदार, शांततावादी साडू आणि काचा फोडणारी मेव्हणी, मला तिथे वाढपी म्हणून उभं राहायला आवडलं असतं.

१०. बंदुका आणायला गेला आणि ब्रिटिशांच्या सैन्यात भरती झाला? हे कसं काय? काहीतरी गल्लत आहे.

गल्लत नाही. हा या पानावरचा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९१२ मध्ये तिसरं होमरूल बिल आलं. अल्स्टरमधल्या प्रॉटेस्टंट लोकांनी सांगितलं की हे लादलंत तर लढू, आणि एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी जर्मनीहून हजारो रायफली उतरवूनही घेतल्या. त्यांच्या धमकीला उत्तर म्हणून नॅशनलिस्टांनी त्याआधीच, नोव्हेंबर १९१३ मध्ये, आयरिश व्हॉलंटियर्स ही स्वयंसेवकांची फौज काढली होती, केटल त्यात पहिल्यापासून होता. स्थापनेच्या सभेत जाहीरनामा वाचायला त्याचा भाऊ लॉरेन्स उभा राहिला तर कामगारांनी ओरडून ओरडून त्याला बोलू दिलं नाही, कारण केटलांच्या शेतावर मजुरांशी भांडण चालू होतं. (त्याच वर्षी डब्लिनमध्ये मोठा लॉकआउट होता, टॉमने मध्यस्थीची कमिटी काढून बघितली, जमलं नाही. यावर वेगळा प्रश्न नको, एवढंच आहे.)

तर जुलै १९१४ मध्ये केटल बेल्जियमला गेला, व्हॉलंटियर्ससाठी हत्यारं विकत घ्यायला. तो तिथे असतानाच महायुद्ध पेटलं आणि जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. त्याने हत्यारांचं काम ठेवलं बाजूला आणि लंडनच्या ‘डेली न्यूज’साठी बातम्या पाठवायला लागला. जाळलेली गावं, रस्त्यावर आलेली माणसं, लूव्हेनच्या युनिव्हर्सिटीची लायब्ररी राख झालेली. बेल्जियम म्हणजे छोटा, कॅथलिक, शेजारच्या धटिंगणाने तुडवलेला देश. आयरिश माणसाला यात स्वतःचं घर दिसणार नाही तर काय? प्रश्न ५ मधलं ते ‘आधी युरोपियन व्हा’ आठवा. त्याच्या लेखी हे इंग्लंडचं युद्ध नव्हतंच, युरोप वाचवायचं होतं आणि इंग्लंड योगायोगाने त्या बाजूला होतं.

दुसरं कारण हिशोबी. सप्टेंबर १९१४ मध्ये होमरूलचा कायदा पास झाला, पण युद्ध संपेपर्यंत गुंडाळून ठेवला. रेडमंड म्हणाला, आपण आता लढाईत साथ दिली तर नंतर कुणाला मागे फिरता येणार नाही, शिवाय अल्स्टरवाले आणि आपण एकाच खंदकात राहिलो तर भांडण मिटेल. व्हॉलंटियर्समधले बहुसंख्य, दीड लाखाच्या वर, रेडमंडबरोबर गेले, मूठभर राहिले. केटल बहुसंख्यांत होता. हे विसरू नका, आज तो एकटा वेगळा वाटतो पण १९१४ मध्ये गर्दी त्याच्याच बाजूला होती. पुढे गर्दी सरकली, तो होता तिथेच राहिला.

११. मग सरळ सांगा, देशद्रोही की देशभक्त?

सरळ सांगता आलं असतं तर एवढं लांबलचक पान लिहिलं नसतं. माझं मत: देशभक्त, ज्याचा अंदाज चुकला. पण या बाबतीत माझ्यापेक्षा त्याचं स्वतःचं मत जास्त कठोर होतं.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. डब्लिनमध्ये सशस्त्र क्रांतीवाल्यांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला. केटलला प्रचंड राग आला, म्हणाला यांनी स्वतंत्र आयर्लंड आणि स्वतंत्र युरोप या माझ्या स्वप्नाची माती केली. सहा दिवसांत उठाव चिरडला. आणि मग ब्रिटिशांनी ३ मे ते १२ मे दरम्यान, थोडे थोडे करत १५ जणांना गोळ्या घातल्या. त्यातला थॉमस मॅकडोना, पहिल्याच दिवशी मारलेला, केटलच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. म्हणजे स्टाफरूममधला माणूस. केटलच्या अंगावर तेव्हा कुठला युनिफॉर्म होता ते सांगायला नको.

त्याचं तेव्हाचं बोलणं असं नोंदलेलं आहे: ही माणसं इतिहासात वीर आणि हुतात्मे म्हणून जातील, आणि मी, गेलोच तर, एक साला ब्रिटिश ऑफिसर म्हणून जाईन. शब्द न शब्द खरं ठरलं. इतक्या लवकर आणि इतकं अचूक स्वतःचं भविष्य वाचलेला दुसरा राजकारणी मला तरी माहीत नाही.

१२. साडूचं काय झालं? उठावात मारला गेला ना?

उठावाच्या दिवसांत मारला गेला, पण उठाव करताना नाही. फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन शांततावादी, शाकाहारी, डब्लिनमधला एक विक्षिप्त पण सगळ्यांना माहीत असलेला माणूस. लूटमार थांबवायला तो रस्त्यावर स्वयंसेवक जमवत होता. २५ एप्रिलला संध्याकाळी घरी परतताना सैन्याने पकडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टोबेलो बराकीत कॅप्टन बोवेन-कोल्थर्स्टने त्याला आणि दोन पत्रकारांना भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या. ना खटला, ना काही. नंतर कोर्टमार्शल झालं, निकाल लागला की कॅप्टन वेडा आहे. काही काळ इस्पितळात ठेवून सोडला.

आता बघा, केटलच्या बायकोच्या बहिणीचा नवरा मारणारा ऑफिसर त्याच सैन्यातला ज्याचे पट्टे केटलच्या खांद्यावर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

१३. मग राजीनामा का नाही दिला? की मरायलाच गेला होता?

दोन प्रश्न आहेत हे, वेगळे करू.

राजीनामा देण्याचीही गरज नव्हती, तब्येतीचं कारण आयतंच होतं. दारू खूप वाढली होती, आधी दोन वर्षं त्याला आघाडीवर न पाठवता आयर्लंडमध्ये सैन्यभरतीच्या भाषणांना फिरवलं ते यामुळेच. पण त्याला हेच डाचत होतं, की शेकडो पोरांना ‘जा’ म्हणून सांगितलं आणि स्वतः सभांमध्ये उभा. उठावानंतर त्याने स्वतः मागून आघाडी घेतली, जुलै १९१६ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या ९ व्या बटालियनबरोबर फ्रान्सला पोचला. तिथेही परत यायच्या दोन संधी आल्या, एक आजारपणाची आणि एक मागच्या ऑफिसातल्या पोस्टिंगची, दोन्ही नाकारल्या. मारला गेला त्याच्या आदल्या दिवशी भावाला लिहिलेल्या पत्रात हे आहे, की सोबत्यांबरोबर राहायचं ठरवलंय.

मरायलाच गेला होता, हे बरेच लोक फार रोमँटिक होऊन सांगतात. त्याच पत्रात त्याने लिहिलंय की जगायची जबरदस्त इच्छा आहे. घरी साडेतीन वर्षांची मुलगी होती. तेव्हा हे ‘मरणाला कवटाळलं’ वगैरे प्लीज नको.

आणि एक राजकीय मृत्युपत्रही लिहून ठेवलं होतं, ते फारच कमी लोक उद्धृत करतात. त्यात मागणी काय? आयर्लंडला वसाहतींच्या धर्तीवरचं होमरूल द्या, लष्करी कायदा लगेच उठवा, आणि सगळ्या शिन फेन कैद्यांना, म्हणजे उठावातल्या लोकांना, माफी द्या. ज्यांनी त्याच्या स्वप्नाची माती केली म्हणाला, त्यांच्यासाठी माफी.

१४. मृत्यू नक्की कसा झाला? थडगं कुठे आहे?

सॉमच्या रणभूमीवर गिन्ची नावाचं छोटं खेडं आहे. ९ सप्टेंबर १९१६, दुपारी पावणेपाचला १६ व्या आयरिश डिव्हिजनने त्यावर हल्ला चढवला. केटल कंपनीच्या पुढे होता. आत लोखंडी जाकीट घातलेलं, गोळी त्याच्या वरच्या कडेपाशी लागली, थोड्या वेळात संपलं. लग्नाला आदल्याच दिवशी सात वर्षं झाली होती. खेडं त्या दिवशी जिंकलं, पण ३ ते ९ सप्टेंबरच्या आठवड्यात या डिव्हिजनचे ४,३०० च्या आसपास लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता.

एका अधिकाऱ्याने त्याच्या खिशातले कागद मेरीला पाठवायला म्हणून काढून घेतले, आणि काही मिनिटांत तोच तोफगोळ्याने उडाला. कागद गेले. मृतदेह पुरला होता पण जागा नंतर सापडली नाही, त्यामुळे थडगं नाही, थिपव्हालच्या स्मारकावर फक्त नाव आहे, बहात्तर हजार नावांमधलं एक.

वडील अँड्र्यू केटल त्याच सप्टेंबरात गेले, मुलानंतर दोन आठवड्यांच्या आत.

१५. मुलीसाठी लिहिलेली कविता खरंच खंदकात लिहिली का?

हो. बेट्टी १९१३ च्या जानेवारीतली. कवितेखाली तारीख ४ सप्टेंबर १९१६ आणि जागा गिलमाँसमोरचं मैदान, म्हणजे मरणाच्या पाच दिवस आधी. चौदा ओळींचं सुनीत. तो मुलीला म्हणतो, मोठी झालीस की विचारशील, बाबा तुला सोडून मरणाशी जुगार खेळायला का गेला, आणि लोक तुला दोन्ही बाजूंची उत्तरं देतील. तर हे समज, की आम्ही वेडी माणसं झेंड्यासाठी, राजासाठी, सम्राटासाठी नाही मेलो, तर गुराख्याच्या गोठ्यात जन्मलेल्या एका स्वप्नासाठी आणि गरिबांच्या गुपित शास्त्रासाठी मेलो. गोठा म्हणजे अर्थात येशूच्या जन्माचा.

मराठीत नीट भाषांतर करून द्या म्हणून खूप जण मागे लागलेत. करून बघितलं, शेवटच्या तीन ओळी येतच नाहीत. ज्याला जमेल त्याने करावं.

१६. एमेट डाल्टन म्हणजे मायकेल कॉलिन्सबरोबर होता तोच? त्याचा इथे काय संबंध?

तोच. गिन्चीला १८ वर्षांचा डाल्टन केटलच्या बटालियनमध्ये होता, केटल पडला तेव्हा जवळच, आणि त्या दिवशीच्या कामगिरीसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर तो आयआरएमध्ये, म्हणजे कॉलिन्स ज्यांचा एक पुढारी होता त्या आयरिश क्रांतिकारकांच्या सेनेत, गेला, आधी ज्यांच्याकडून लढला त्यांच्याच विरुद्ध, आणि २२ ऑगस्ट १९२२ ला बील ना ब्लाच्या घाटात कॉलिन्स मेला तेव्हाही शेजारी डाल्टनच. सहा वर्षांत दोन युनिफॉर्म, दोन नेते, दोन्ही डोळ्यांसमोर. हा माणूस वेगळ्या पानाच्या लायकीचा आहे, लिहीन कधीतरी.

१७. केटल जगला असता तर काय झालं असतं?

असे प्रश्न मी टाळतो, पण एवढं सांगता येईल की त्याची पार्टी जगली नाही. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी शिन फेनला ७३ आणि आयरिश पार्टीला ६. चाळीस वर्षांचा पक्ष एका झटक्यात भुईसपाट. आणि त्याचं जुनं ईस्ट टायरोन आयर्लंडच्या फाळणीनंतर सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये गेलं. ज्या गावांत १८ मतांसाठी तो दारोदार फिरला, तिथला होमरूल शेवटी मिळाला तो होमरूल नको म्हणणाऱ्यांना. असल्या गमती इतिहासच करू जाणे.

१८. आपल्या टिळकांच्या होमरूलशी याचा काही संबंध आहे का?

केटलशी थेट नाही, उगाच जोडू नका. पण नावाशी आणि कल्पनेशी आहे. टिळकांची होमरूल लीग एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला स्थापन झाली, अध्यक्ष काका बॅप्टिस्टा, आणि ‘होमरूल’ हा शब्द सरळ आयर्लंडवरून उचललेला. तारीख बघा: लीगची स्थापना २८ एप्रिल, म्हणजे डब्लिनच्या उठावाच्या त्याच आठवड्यात. तिकडे ज्यांनी होमरूल चाळीस वर्षं मागितलं त्यांचं दुकान बंद व्हायची सुरुवात, आणि इकडे नवीन पाटी. दुसऱ्या दिवशी, २९ एप्रिलला, डब्लिनमध्ये बंडखोर शरण आले आणि मेसोपोटेमियात कुटला ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या.

आणखी एक. मंडालेहून सुटल्यावर १९१४ मध्ये टिळकांनीही युद्धात सरकारला मदत करा असं जाहीर केलं होतं. त्यांना कोणी साला ब्रिटिश ऑफिसर म्हणत नाही. अर्थात त्यांनी युनिफॉर्म घातला नव्हता, आणि आपल्याकडे त्या एप्रिलमध्ये उठाव झाला नव्हता. त्यामुळे तुलना करायची तर इथपर्यंतच.

१९. मेरी आणि बेट्टीचं पुढे काय झालं?

मेरी १९६७ पर्यंत जगली, म्हणजे नवऱ्यानंतर एकावन्न वर्षं. डब्लिनमध्ये बायकांच्या हक्कांसाठी, नोकरीतल्या समान वागणुकीसाठी काम करत राहिली. नवऱ्याचे युद्धावरचे लेख आणि पत्रं तिने १९१७ मध्ये छापून आणले, वर स्वतःची आठवणींची प्रस्तावना लिहून. वाचायची सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्यांनी आधी ती प्रस्तावनाच वाचावी, मग १९१० चा त्याचा निबंधसंग्रह. होमरूलच्या अर्थकारणावरचं पुस्तक मात्र आकडेमोडीची आवड असेल तरच हातात घ्या, मी दोनदा सोडलंय. आणि हॅना? सैन्याने मारलेल्या तिच्या नवऱ्याबद्दल सरकारने नुकसानभरपाई देऊ केली, ती घ्यायला तिने नकार दिला. दोन बहिणी, दोन विधवा, दोन वेगवेगळ्या बाजूंच्या गोळ्यांनी. बेट्टीबद्दल मुद्दाम काही लिहीत नाही, ती राजकारणात नव्हती.

२०. डब्लिनला जाणार आहोत. त्याचा पुतळा कुठे आहे?

सेंट स्टीफन्स ग्रीन, शहराच्या मधोमधची बाग. पूर्ण पुतळा नाही, छातीपर्यंतचा आहे, शिल्पकार अल्बर्ट पॉवर. शिल्प तयार होऊन कित्येक वर्षं पडून होतं, कारण नव्या राज्यात ब्रिटिश सैन्यात मेलेल्या माणसाचं काय करायचं हे सरकारी खात्याला कळेना, दगडावर कोणते शब्द कोरायचे यावरून घासाघीस झाली, १९२७ चा मुहूर्त फसला, शेवटी १९३७ मध्ये ना भाषण ना फीत, गुपचूप बसवला.

खाली कोरलंय: कवी, निबंधकार, देशभक्त. खासदार नाही, प्राध्यापक नाही, सैनिक तर नाहीच नाही. गिन्चीला मारला गेला एवढं आहे, कोणाच्या बाजूने ते नाही. आणि त्याखाली बेट्टीच्या कवितेच्या शेवटच्या तीन ओळी, त्याच ज्या मला मराठीत येत नाहीत.

त्याच बागेत काउंटेस मार्कीव्हिचचाही अर्धपुतळा आहे, जॉइसचाही आहे. एका फेरीत तिघं होतात. १९१६ च्या उठावात मार्कीव्हिच आणि मंडळींनी याच बागेत चर खणले होते, आणि बदकांना खायला घालता यावं म्हणून म्हणे दोन्ही बाजूंनी रोज थोडा वेळ गोळीबार थांबायचा.